नाटकात तालवाद्यं वाजवून घर चालतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नाशिकचा. तबल्यात विशारद झालोय, कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम्सही वाजवले. नोकरी न धरता नाटकांना आणि कार्यक्रमांना साथ करून घर चालेल का? चालवायचं तर कोणकोणती वाद्यं यायला हवीत?"

घर चालतं. माझं चालतं आहे, आणि नाशिक न सोडता. मात्र एकट्या नाटकावर ते चालत नाही, हे आधीच सांगतो. नाटक, नाच, भावगीतांचे कार्यक्रम, रेकॉर्डिंग, शाळांची स्नेहसंमेलनं, शिकवण्या असं सगळं मिळून वर्ष भरतं. प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. वाद्यांची यादी वाढवत नेली की काम वाढतं, असा समज नवीन मुलांमध्ये फार दिसतो. काम वाढतं ते साथ करता येऊ लागली की. वाद्यं त्यानंतर एकेक करून हाताला लागतात.

विशारदच्या परीक्षेत तुम्ही कायदा, रेला, गत, तुकडे वाजवले असतील. तिथे लेहरा, म्हणजे ताल दाखवत फिरत राहणारी धून, तुमच्यासाठी धरलेला असतो. नाटकात लेहरा म्हणजे समोरचा नट. तो कधी अर्धा श्वास लवकर बोलतो, कधी प्रेक्षक हसले म्हणून थांबतो, कधी वाक्यच गाळतो. तुमचा हात त्याच्या श्वासाला बांधलेला हवा. एक उदाहरण देतो. एका नाटकात बाप दारात उभा असतो, मुलगा पाठमोरा बसलेला. बाप विचारतो, "जेवलास का?" मुलगा उत्तर देत नाही. दिग्दर्शकाला तिथे डग्ग्याची एक लांब घसीट, म्हणजे मनगट कातड्यावर सरकवून काढलेला घुमारा, हवी होती, बाकी काही नाही. संहितेत मी त्या प्रश्नाखाली पेन्सिलीने खूण केली होती. पण तालमी होत गेल्या तसं लक्षात आलं की घसीट प्रश्नानंतर आली तर ती प्रश्नाचं शेपूट होते. मुलाची मान किंचित खाली जाते त्या क्षणी सुरू झाली तर ती मुलाचं उत्तर होते. मान कधी खाली जाईल हे रोज वेगळं. म्हणून मनगट कातड्यावर टेकवून, बोटं उचलून, नजर त्या मानेवर ठेवून बसायचं. प्रयोगाच्या दिवशी त्या नटाने जागा लांबवली की हातही तेवढाच वेळ तसाच थांबतो. हे कुठल्या परीक्षेत येत नाही, आणि हेच येत असेल तर दिग्दर्शक पुढच्या नाटकाला तुम्हालाच फोन करतो.

अंधाराचंही तसंच आहे. प्रवेश संपताना ठोका आणि ब्लॅकआउट एकत्र पडायला हवेत. जुन्या हॅलोजनच्या दिव्यांची तार निवायला क्षणभर वेळ घ्यायची, त्यामुळे ठोका पडून गेल्यावर प्रकाश विरघळायचा. एलईडी दिवा तत्क्षणी जातो. ज्या नाट्यगृहात एलईडी लागले आहेत तिथे जुन्या सवयीने वाजवलं तर ठोका आणि अंधार वेगवेगळे पडतात. म्हणून प्रयोगाआधी प्रकाशयोजनाकाराशी पाच मिनिटं बोला, आणि बटणावर ज्याचं बोट असतं त्या मुलाशीही बोला. रंगमंचावरच्या नटाइतकाच तो तुमचा साथीदार आहे.

आता संगीत नाटक. १८८० साली किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं, आणि पुढच्या काळात ऑर्गन आणि तबल्याची जोडी मराठी माणसाच्या कानात बसत गेली. अहमदजान थिरकवांसारखा तबलजी गंधर्व नाटक मंडळीत साथीला होता, यावरून या कामाचा दर्जा काय होता ते कळेल. आपल्या गावाचा तर यात मोठाच वाटा आहे. नाटककार वसंत कानेटकर आणि वि. वा. शिरवाडकर दोघंही नाशिकचे. कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' १९६४ चं, शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी' १९६६ चं, आणि दोन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं. ती पदं आजही संगीत नाटकांच्या स्पर्धांत आणि नाट्यगीतांच्या मैफलींत हटकून येतात. नाशिकच्या तबलजीला ती ठेक्यासकट, मुखड्यासकट पाठ नसतील तर मला वाईट वाटतं.

नाट्यपदाची साथ आणि ख्यालाची साथ यांत फरक शब्दाचा आहे. पद संवादातून उगवतं. नट शेवटचं वाक्य ज्या गतीने बोलतो त्या गतीतून लय निघते, मेट्रोनोमवर ठरवलेल्या आकड्यातून नाही. पहिल्या ओळीत शब्द प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा, म्हणून ठेका स्वच्छ आणि मोकळा ठेवायचा. लग्गी, म्हणजे ठेका सोडून केलेलं जलद वादन, असेल तर ती नटाने जागा दिल्यावर, आणि ती संपवून पुन्हा शब्दाला वाट करून द्यायची. वन्समोर आला तर दुसऱ्यांदा तेच पद थोडं चढ्या लयीत जातं. नटाच्या चेहऱ्यावरून ते ओळखता यायला हवं.

आणि पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या पट्टीवर आहे ते. संगीत नाटकात एकाच अंकात पुरुष काळी एकमध्ये गातो आणि पुढच्या प्रवेशात बाई काळी चारमध्ये. मधे हातोडी घेऊन ठोकत बसायला वेळ नसतो, आणि प्रेक्षकांसमोर ठोकाठोकी करणं बरंही दिसत नाही. काळी एकचा तबला नीट लावलेला असेल तर तोच काळी चारच्या गाण्याला मध्यमात जातो आणि काळी तीनच्या गाण्याला पंचमात. एका तबल्यात तीन पट्ट्या निघतात. पण राग बघा. भूपात मध्यम नाही, तिथे मध्यमातला तबला गाणाऱ्याच्या कानाशी सतत भांडतो. मालकंसात पंचम नाही, तिथे पंचमातला चालत नाही. अशा पदांसाठी मी गाण्याच्याच पट्टीचा, मोठ्या तोंडाचा तबला वेगळा नेतो. तालमीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक पदासमोर पट्टी, राग आणि कोणता तबला हे लिहून काढा; ऑर्गनवाल्याकडून तपासून घ्या. ऑर्गनचा सूर हलत नाही, हलायचं ते तबल्यालाच.

कातड्याला हवा लागते हे तुम्हाला माहीत आहेच, पण प्रयोगाच्या संध्याकाळी ते वेगळ्याच गतीने घडतं. पावसाळ्यात बाहेरच्या दमट हवेत तबला उतरलेला असतो, नाट्यगृहात एसी सुरू झाला की कोरड्या हवेत चढायला लागतो. पडदा उघडायच्या दोन तास आधी वाद्यं पिशवीतून काढून रंगमंचावर ठेवायची, एसी सुरू करून घ्यायचा आणि मगच सुरात लावायचं. दिवाळीतल्या पहाटेच्या मैफलींत उलट होतं. पिंपळपारावर पाडवा पहाटेला उघड्यावर थंडी असते, दव असतं. घरून लावून नेलेला तबला तिथे पोचेपर्यंत उतरलेला असतो. जास्तीची पुडी, म्हणजे शाई लावलेलं वरचं कातडं, चढवलेला एक तबला जवळ असू द्या. शाई उडालेल्या पुडीवर "अजून एक कार्यक्रम निघेल" म्हणून जाऊ नका.

प्रायोगिक आणि स्पर्धेच्या नाटकांत पैसे जवळजवळ नसतात, तरी सुरुवातीची काही वर्षं तिथेच घालवावीत असं माझं ठाम मत आहे. राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्राची प्राथमिक फेरी आली की परशुराम साईखेडकर नाट्यगृहात रोज एक नाटक बघायला मिळतं, आणि त्यातल्या निम्म्या संघांना वाजवणारं कुणीतरी हवं असतं. तिथे तुम्ही विंगेत बसून जेंबे, झांज, घुंगरू, पत्रा आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) घेऊन एकटेच सगळा आवाज उभा करता. गडगडाटासाठी लोंबता पत्रा हलवणं, टापांसाठी नारळाच्या करवंट्या, हे जुने उपाय अजून कामाचे आहेत, कारण त्यांचा आवाज जागेवरून येतो आणि नट त्याला प्रतिसाद देतो. स्पीकरमधून आलेला गडगडाट सगळीकडूनच येतो. झांजेवर मऊ टोकाची काठी हळूहळू फिरवत नेली की जो आवाज चढत जातो, त्यात भीती, उत्सव, पहाट यांतलं काहीही उभं राहू शकतं; ठरतं ते तुम्ही कुठे थांबता त्यावरून.

अनेक संघ आता पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित करूनच आणतात. यात तालवादकाचं नुकसान झालं असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ते ट्रॅक कुणीतरी वाजवावे लागतात आणि तेही काम आहे. कानात क्लिक घेऊन एकाच ठोक्याला धरून राहणं, एकाच तुकड्याचे चार वेगवेगळे टेक देणं, माइकपासून हात किती लांब ठेवायचा हे कळणं, ही स्वतंत्र विद्या आहे आणि ड्रम्स वाजवल्यामुळे तुम्हाला ती लवकर येईल. पण दिग्दर्शक तुमचं ऐकणारा असेल तर निदान एक-दोन जागा जिवंत ठेवायला सांगा. नटाचं वाक्य हुकलं तर ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही.

लोकवाद्यांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण चुकीचं सगळ्यात जास्त इथे वाजतं. तबला येणाऱ्याला ढोलकी आपोआप येते असं समजू नका. ढोलकीची चाटी, म्हणजे चढ्या आवाजाची बाजू, बोटांच्या टोकांनी, कडेवर, उडत्या हाताने वाजते. तबल्याचा बसका हात तिथे घातला की आवाज मेलेला येतो. धुमेला, म्हणजे दुसऱ्या, खर्जाच्या बाजूला, मनगटाने घुमारा काढणं हे वर्षभराचं काम आहे. संबळाचं तर सगळंच वेगळं: दोन भांडी, एक चढं, एक घुमणारं, आणि काठीचं वाकलेलं टोक. ते शिकायचं तर गोंधळ्यांकडे जा. चैत्रात सप्तशृंगगडावर जा, रात्री गोंधळ कसा उभा राहतो ते पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या आरतीपर्यंत ऐका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात बोहाडा असतो तेव्हा मुखवट्यांची सोंगं संबळाच्या चालीवर येतात. प्रत्येक सोंगाची चाल निराळी, आणि वाजवणाऱ्याची नजर सोंगाच्या पायावर. नाटकातला तालवादक जे करतो ते तिथे पिढ्यान्पिढ्या चाललेलं आहे. शिकवणाऱ्याला मानधन द्या, त्याला तालमीला बोलवा, आणि नाटकाच्या पत्रिकेत त्याचं नाव छापायला लावा. ऑक्टोपॅडमधला संबळाचा आवाज लावून "तसंच वाटतंय" म्हणणारे दिग्दर्शक भेटतील. त्यांना एकदा खरा संबळ बंद खोलीत ऐकवा, बहुतेकांचं मत तिथेच बदलतं.

हलगी, डिमडी, चौंडकं ही वाद्यं निदान ओळखीची असू द्या. हलगी कातड्याची असेल तर शेकावी लागते, आणि नाट्यगृहात आग पेटवू देत नाहीत. त्यामुळे बाहेर शेकून, कापडात गुंडाळून आत आणायची की फायबरच्या पानाची वापरायची, हा निर्णय आधीच घ्यावा लागतो.

नाचाची साथ हा वेगळाच दरवाजा आहे. नाशिकमध्ये कथकचे वर्ग बरेच आहेत आणि प्रत्येकाला परीक्षेला, वार्षिक कार्यक्रमाला तबलजी लागतो. पढंत, म्हणजे तोंडाने म्हटलेले नाचाचे बोल, कानावर पडल्याबरोबर हातात यायला हवी. नाचणाऱ्या मुलीचे पाय दमले की तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) किंचित मागे पडते, तेव्हा तिला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडून देणं तुमचं काम. हे एकदा जमलं की नाटकात नटाला सांभाळून घेणं सोपं जातं. माझा कान सगळ्यात जास्त तयार झाला तो नाचाच्या साथीत.

वर्षाचं गणित साधारण असं बसतं. गणपतीपासून दिवाळी पहाटेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. मग स्पर्धा, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नसराईतले संगीताचे कार्यक्रम. उन्हाळ्यात बालनाट्याची शिबिरं. जून-जुलै कोरडे जातात, निदान पैशाच्या बाबतीत. त्या दोन महिन्यांचा खर्च नोव्हेंबरातच बाजूला काढून ठेवा. नियमित शिकवण्या असतील तर हाच काळ त्या तारून नेतात, शिवाय शिकवताना आपलाच हात तपासला जातो.

नाशिक म्हटलं की ढोल येणारच. नाशिक ढोल हे नाव देशभर आणि परदेशातही गेलं आहे, आणि मिरवणुकीत उभं राहून वाजवण्याची ताकद ज्याने कमावली त्याला लय पोटातून कळते, हे मी मानतो. पण पथकात वाजवणार असाल तर कान झाका. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असं धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. ताशाच्या शेजारी उभं राहिलं की आवाज सहज त्याच्या वर जातो. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात. त्यांनी आवाज कमी होतो पण सूर गढूळ होत नाही. आपला सगळा धंदा मंद्रातली घसीट आणि नटाचा श्वास ऐकण्यावर आहे. कानात सतत शिट्टी वाजायला लागली तर त्यावर खात्रीचा इलाज नाही. कानाच्या डॉक्टरकडून दर वर्षी तपासणी करून घ्या, तरुण आहात तोवरच.

पैशाचं बोलणं पहिल्या फोनवरच व्हायला हवं, आणि त्यात संकोच नको. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती, तालमींचे वेगळे मिळणार का, किती तालमी, बाहेरगावी जेवण-राहणं कुणाकडे, टेम्पोचं भाडं कोण देणार, आणि प्रयोग रद्द झाला तर काय. हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि त्यातच अडकतात. एका दौऱ्याच्या तारखा मी राखून ठेवल्या, इतर कामं सोडली, आणि दौरा ऐनवेळी मोडला. हातात काही आलं नाही. तेव्हापासून ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवतो आणि समोरच्याकडून "ठीक" आल्यावरच तारीख लावतो. मोठ्या संस्था टीडीएस कापून पैसे देतात. तो आपलाच पैसा आहे, रिटर्न भरलं की हिशोबात धरला जातो, बसत असेल तर परतही मिळतो. त्यासाठी प्रत्येक कामाचं बिल आणि एक वही ठेवा. पुडी, वाद्यदुरुस्ती, प्रवास हे धंद्याचे खर्च आहेत. पावत्या फेकू नका. आरोग्यविमा स्वतःचा स्वतः काढा. आपल्याला तो कुणी देत नाही.

मुंबईला जावं का, हे पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. ज्यांना चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये उतरायचं आहे त्यांनी जावं. नाटकासाठी मला ते गरजेचं वाटत नाही. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं, आणि दौऱ्यावरच्या व्यावसायिक नाटकांचे प्रयोग कालिदास कलामंदिरात होतच असतात. त्यांना कधी ऐनवेळी वाजवणारा लागतो. अशा वेळी संहिता दुपारी हातात येते आणि रात्री प्रयोग असतो. तेव्हा सगळ्या जागा पाठ करायला जाऊ नका. नाटकातल्या तीन-चार जागा अशा असतात की त्या चुकल्या तर प्रवेशच मोडतो. व्यवस्थापकाकडून त्या विचारून घ्या, त्यांच्या आधीची दोन वाक्यं नटाबरोबर एकदा म्हणून बघा. बाकी ठिकाणी कमी वाजवा.

वाद्यांच्या खरेदीबद्दल इतकंच: आत्ता तुमच्याकडे चांगला काळी एकचा तबला नसेल तर पहिला खर्च तिथे करा. मग नटबोल्टची ढोलकी, त्यानंतर एक बरी झांज आणि ऑक्टोपॅड. पूर्ण ड्रमसेट नाटकाच्या कामात क्वचित लागतो, आणि लागला तर भाड्याने मिळतो. सगळं एका माणसाला दोन फेऱ्यांत गाडीतून विंगेत नेता येईल एवढंच असावं, कारण बहुतेक वेळा तो एक माणूस तुम्हीच असता.

आणि हे सगळं करायच्या आधी गावातल्या एखाद्या हौशी संघाच्या तालमीला जाऊन बसा. वाद्य नेऊ नका. आठवडाभर नुसतं ऐका, संहितेची एक प्रत मागून घ्या, आणि नट जिथे जिथे श्वास घेतात तिथे पेन्सिलीने रेघ मारा. आठवड्याच्या शेवटी दिग्दर्शकाला विचारा की यांतल्या कोणत्या जागी त्याला आवाज हवा आहे. तुमच्या रेघा आणि त्याच्या जागा कितपत जुळतात, ते मला कळवा. पुढचं त्यावरून बोलू.